४० लाख माणसांचा मनोरा

परवा सांगलीला बहिणीकडे गेलो होतो. कपाटात आमच्या वेळचं भौतिकशास्त्राचं जुनं गाईड सापडलं. 'संदेशवहन प्रणाली'चं पान उघडलं तर बारावीतला भाचा म्हणाला, "मामा, हा धडा कटाप!" खरंच आहे. राज्य मंडळाच्या २०२० च्या पुस्तकात तो नाही, एनसीईआरटीने २०२२ मध्ये गाळला, २०२४ पासून जेईई मेनमधूनही गेला. पोरं सुटली.

पण कशातून सुटली? त्या गाईडातलं एक लाडकं गणित बघा. मनोरा १०० मीटर, लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला १०००, तर कार्यक्रम किती जणांना दिसेल? सूत्रात आकडे घाला, उत्तर ४० लाख. मार्क पूर्ण! २०११ च्या जनगणनेत अख्ख्या सातारा जिल्ह्यात ३० लाख माणसं होती, सांगलीत २८ लाख. म्हणजे एका मनोऱ्याने अख्खा जिल्हा व्यापून वर दहा लाख उरले, तरी वर्गात कुणी हसलं नाही. सांगलीची खरी घनता, ३२९, घातली तर सव्वातेरा लाख येतात. तेवढा आकडा बदलायला कुणाची हरकत होती?

आणि हे सूत्र पृथ्वी गुळगुळीत चेंडू आहे असं धरून चालतं. कृष्णाकाठच्या सपाटीत ठीक. अजिंक्यताऱ्यावर मनोरा कल्पून उंची ३०० मीटर धरा, टप्पा ६२ किलोमीटर येतो. बामणोली त्यात आरामात बसते, कागदावर. मध्ये कासचं पठार उभं आहे, अजिंक्यताऱ्याहूनही उंच, ते कोण मोजणार? क्लासवाले म्हणतील, पेपरात डोंगर नसतो. बरोबर. म्हणून तर धडाही राहिला नाही. आधी त्यातला जीव काढायचा आणि मग 'अनावश्यक भार' म्हणून उचलून टाकायचा, अशी ही तऱ्हा.

खरं तर उदाहरणं कानावर पडत होती. १९६३ साली सुरू झालेल्या सांगली आकाशवाणीची '२३९.८ मीटर, म्हणजेच १२५१ किलोहर्ट्झ' ही घोषणा आमच्या पिढीला पाठ. दोन आकड्यांचा गुणाकार करा, प्रकाशाचा वेग हातात येतो. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही! १ किलोहर्ट्झचा आवाज तसाच हवेत सोडायचा तर पाव तरंगलांबीचा अँटेना ७५ किलोमीटरचा हवा, सातारा-कराड अंतराच्या दीडपट. १२५१ वर स्वार केला की ६० मीटरचा खांब पुरतो. मॉड्युलेशन कशाला, याचं उत्तर एवढंच आहे. मध्यम लहरींवर केंद्रांमधलं अंतर ९ किलोहर्ट्झ, म्हणून आवाजाच्या वाट्याला साडेचारच. एफएमवर पंधरापर्यंत जागा. तबल्याची चाट तिथे खणखणीत का लागते, हे साइडबँडची शंभर गणितं सोडवूनही आम्हाला उमगलं नव्हतं.

असो. भाच्याला कागदावर कासचं पठार काढून दाखवलं. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "पण मामा, मग डोंगराआड सांगली कशी लागायची?"

मध्यम लहरी जमिनीला धरून, वळत जातात, असं सांगितलं. चहा गार झाला होता तोवर.