चाला म्हणता, पण कुठून?

रामदासपेठेत दवाखाने जागोजागी. तिथून बाहेर पडणाऱ्या मधुमेहींना 'रोज अर्धा तास चाला' हा सल्ला हमखास मिळतो. पण चालणार कुठून? फुटपाथवर गाड्या उभ्या!

केंद्राच्या 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' उपक्रमात 2020 मध्ये नागपूर उतरले. मात्र नुसत्या रंगाने सायकल मार्गिका होत नाही. मध्ये अडथळा नसेल तर ती पार्किंगलाच आंदण जाते. काम सुरू असतानाही चालायला सुरक्षित वाट हवी. मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला उघडी गिट्टी टोचल्याचे कळत नाही. जखम चिघळते, प्रसंगी पाय कापावा लागतो. शिवाय मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या शहरात सावलीविना कोण चालेल? महापालिकेने आधी झाडे राखावीत, गट्टू नंतर बसवावेत.