‘नाटकं’ की हतबलता?

कर्जत-खालापूरचा माणूस आत गेला, की घरच्या बाईची वारी सुरू होते तळोजा नाहीतर अलिबागच्या तुरुंगाची. मुलाखतीत नवऱ्याच्या मनगटावर ब्लेडचे वार दिसतात. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘नाटकं करतो!’ उतावळ्या, तापट स्वभावाचा वाटा असतोच. पण जामीन लांबला की शांत माणूसही ढासळतो. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न तीव्र ताणातून झाला असं गृहीत धरून उपचार सरकारवर सोपवले. १ जुलै २०२४ला कलम ३०९ही गेलं. पण मैत्रिणींनो, नव्या न्यायसंहितेचं २२६ वाचा. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी तसा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद! कैद्याभोवती तर सगळे सरकारी नोकरच. मग हतबलता कुठली आणि दबाव कुठला, ठरवणार कोण? वार दिसले तर मानसोपचाराची मागणी लेखी द्या, पोच घ्या.