‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायचं?

दहा शब्द वाचून दाखवायचे, थोड्या वेळाने विचारायचं, ‘आजी, किती आठवतात?’ मग, ‘एकटं वाटतं का?’ देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली केलेल्या ‘लासी’ या वार्धक्यविषयक पाहणीत असेच प्रश्न होते; तिच्यात साठीपुढचे ३१ हजारांहून अधिक भारतीय होते. तिच्याच स्मृतिभ्रंशविषयक जोड-अभ्यासातून साठीपुढच्या सुमारे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. त्या अभ्यासाला पैसा मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा! विसराळूपणामागे नैराश्य आहे की स्मृतिभ्रंशाची सुरुवात, हे एका भेटीत कळत नाही. त्याच माणसाकडे वर्षानुवर्षं परत जावं लागतं. तीन वर्षांच्या प्रकल्पनिधीत ते कसं बसणार? यासाठी दीर्घ मुदतीची तरतूद राज्य आणि केंद्र सरकारांनी आता करावी.