छंद वाचवायचा असेल तर आधी युक्तिवाद सुधारा : एअरगन, बंदीची मागणी आणि ब्रिटनचा धडा

१/ कुठेतरी गोळीबार होतो, बंदुकांवर बंदीची मागणी उठते आणि एअरगनचे शौकीन तीन ठरावीक उत्तरे घेऊन उभे राहतात. 'हे तर खेळणे आहे.' 'मग सुऱ्या आणि बॅटींवरही बंदी घाला.' 'आज बंदूक नेतील, उद्या स्वातंत्र्य.' ब्रिटनचा इतिहास सांगतो की ही तिन्ही उत्तरे कुचकामी आहेत. ती कशी, याचा हा धागा.

२/ आधी 'खेळणे'. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनी नावाची हवेची रायफल स्वीकारली. दस्त्याच्या जागी दाबलेल्या हवेची टाकी, नळीशेजारी सुमारे २० गोळ्यांचा साठा, आणि धूर अजिबात नाही. १८०३ ते १८०६ च्या लुईस-क्लार्क मोहिमेतही एक एअरगन होती. जत्रेत फुगे फोडणाऱ्या छऱ्याच्या बंदुकीचे कुळ असे युद्धभूमीपर्यंत पोहोचते.

३/ तरीही ब्रिटिश कायद्याने एअरगनला दीर्घकाळ मोकळे ठेवले. १९०३ च्या पिस्तूल कायद्याचा आणि क्रांतीच्या भीतीतून आलेल्या १९२० च्या कठोर कायद्याचा रोख दारूगोळ्याच्या शस्त्रांवर होता. दरम्यान, बोअर युद्धात ब्रिटिश सैनिकांची नेमबाजी उघडी पडल्यावर गावोगाव रायफल क्लब निघाले. मिडलँड्समधील पबमध्ये छर्रा मारून घंटा वाजवण्याचा खेळ रुजला. कामगारांनाही परवडणारी ही नेमबाजी होती.

४/ मोकळीक कायम राहिली नाही. १९६२ च्या कायद्याने लहान मुलांच्या हातातील एअरगनवर निर्बंध आले. १९६८ चा कायदा आणि १९६९ चे नियम यांनी एक स्पष्ट रेषा आखली : रायफलसाठी १२ फूट-पौंड, पिस्तुलासाठी ६ फूट-पौंड ऊर्जा. त्यावरील एअरगन 'विशेष धोकादायक'. तिला अग्निशस्त्राचेच नियम लागू.

५/ या रेषेचे महत्त्व शौकिनांनी ओळखायला हवे. छऱ्याचे वजन आणि वेग यांवरून ऊर्जा मोजता येते. तिथे मत चालत नाही, यंत्र चालते. त्यांच्या छंदाला आजवर संरक्षण मिळाले ते या आकड्यामुळे. 'खेळणे' म्हणणारा हा आकडाच पुसून टाकतो, कारण खेळण्याला मर्यादेची गरज नसते. डोळा फोडू शकणाऱ्या वस्तूला असते.

६/ १३ मार्च १९९६. स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एका माणसाने १६ मुले आणि त्यांची शिक्षिका यांना गोळ्या घातल्या. त्याची पिस्तुले परवान्याची होती. 'स्नोड्रॉप' या नावाने निघालेल्या बंदीच्या अर्जावर सात लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्या मार्चमध्ये फुलणाऱ्या चिमुकल्या फुलाचे हे नाव.

७/ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रिन्स फिलिप रेडिओवर बोलले. कुणी क्रिकेटपटू बॅट घेऊन शाळेत घुसला आणि त्याने माणसे मारली, तर बॅटवर बंदी घालणार का, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. देशभर संताप उसळला आणि त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. मुलांच्या थडग्यांवरची माती अजून ओली होती. आज 'बॅट-सुरी'चा दाखला देणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

८/ ही चूक केवळ वेळेची नव्हती. त्या क्षणी खरा प्रश्न होता : या माणसाच्या हाती परवाना राहिलाच कसा? तो काढून घ्यावा, अशी शिफारस एका पोलीस अधिकाऱ्याने १९९१ मध्येच केली होती. ती मानली गेली नाही. हा प्रश्न सर्वांत मोठ्याने विचारण्याचा अधिकार प्रामाणिक नेमबाजांचा होता. बॅटीच्या उपमेने तो झाकला गेला.

९/ चौकशी करणारे लॉर्ड कलन यांनी मधला मार्ग सुचवला होता : वापरात नसताना पिस्तूल निकामी करून ठेवावे, ते जमत नसेल तर बंदीचा विचार व्हावा. सरकारने तो स्वीकारला नाही. १९९७ च्या दोन कायद्यांनी आधी मोठी, मग ०.२२ ची पिस्तुलेही गेली. दीड लाखांहून अधिक पिस्तुले जमा झाली. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेसाठी विशेष परवानगी काढावी लागली.

१०/ एअरगन मात्र वाचली. कारण तीच १९६९ ची रेषा. पण जिथे रेषा पुरली नाही तिथे एअरगनही गेली. काडतुसासारख्या नळकांड्यात हवा भरून चालणाऱ्या एअरगन गुन्हेगार खऱ्या गोळीसाठी बदलून घेऊ लागले होते. २००३ च्या कायद्याने त्या प्रतिबंधित झाल्या. आधीच्या मालकांना परवाना घेऊनच ठेवता आल्या. रचनेतला हा दोष शौकिनांनीच आधी दाखवला असता तर त्यांचा शब्द पुढे वजनदार ठरला असता.

११/ मार्च २००५ मध्ये ग्लासगोत दोन वर्षांच्या बालकाचा एअरगनच्या छऱ्याने मृत्यू झाला. दहा वर्षांनी स्कॉटलंडच्या संसदेने कायदा केला आणि ३१ डिसेंबर २०१६ पासून साध्या एअरगनलाही प्रमाणपत्र सक्तीचे झाले. सरकारने मते मागवली तेव्हा बहुसंख्य उत्तरे विरोधात होती. कायदा तरीही झाला.

१२/ इथे शौकिनांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. एअरगनचे गुन्हे त्याआधीच घटत होते आणि त्यांचा हा मुद्दा खरा होता. पण एका मृत मुलासमोर घटत्या आलेखाने समाधान होत नाही. आकड्यासोबत 'असे पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही हे करू' असा ठोस प्रस्ताव लागतो. नुसता नकार पाठवणारा चर्चेबाहेर राहतो आणि नियम दुसरेच लिहितात.

१३/ परिणाम पाहा. स्कॉटलंडमध्ये प्रमाणपत्र, इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ फूट-पौंडांखाली ते लागत नाही, उत्तर आयर्लंडमध्ये १ जूलच्या वर गेले की लागते. एकच राज्य, तीन नियम. मर्यादा ही निसर्गाने दिलेली नसते. ती वाटाघाटीने ठरते, म्हणून वाटाघाटीची तयारी हवी.

१४/ आता 'स्वातंत्र्य'. भारतात यासाठी लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याचा दाखला देतात. पण त्या कायद्याची खरी चीड कशाची होती? परवान्याची सक्ती भारतीयांवर, आणि युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांना सूट. अन्याय वंशभेदाचा होता. सर्वांना सारखा लागू होणारा, मोजता येणारा नियम म्हणजे लिटनशाही नव्हे. दोन्ही एकाच मापाने मोजणे हा इतिहासाचा गैरवापर आहे.

१५/ भारतातही रेषा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० जूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ०.१७७ इंचापेक्षा मोठ्या नळीच्या एअरगनला परवाना लागतो. या रेषेच्या आतच १० मीटर एअर रायफलचा खेळ वाढला. मुंबईच्या अंजली भागवत यांची २००० च्या सिडनीतील अंतिम फेरी, २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रा यांचे सुवर्ण. संरक्षण मागायचेच तर या परंपरेच्या नावाने मागावे.

१६/ भारतातील आक्षेप मात्र वेगळा आहे : पक्ष्यांची शिकार. सलीम अलींनी लहानपणी मुंबईत छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि ती ओळखण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. पक्षितज्ज्ञ तिथे जन्मला. पण या गोष्टीची ढाल करू नये. १९७२ नंतर वन्यपक्ष्याची शिकार हा गुन्हा आहे. अरुणाचलात २०२१ पासून गावकऱ्यांनी पक्ष्यांसाठी एअरगन स्वतःहून जमा केल्या.

१७/ मग उत्तर काय द्यावे? पहिले : मृतांबद्दल दुःख, आणि त्याला 'पण' जोडू नये. दुसरे : 'खेळणे' हा शब्द सोडून ऊर्जेचा आकडा सांगावा. तिसरे : बंदूक कुलपात, मुले मोठ्यांच्या देखरेखीखाली, सराव क्लबच्या मैदानात, हे नियम स्वतः पाळून दाखवावेत. चौथे : पक्षी मारून फोटो टाकणाऱ्याला 'आपला' म्हणून पाठीशी घालू नये, तक्रार करावी. पाचवे : खराब नियमाला विरोध करताना चांगला नियम लिहून द्यावा.

१८/ बंदी मागणारे सगळे छंदाचे शत्रू नसतात. डनब्लेनच्या पालकांना नेमबाजी संपवायची हौस नव्हती. त्यांना मुले परत हवी होती, आणि ती मिळणार नव्हती. त्यांच्याशी बोलताना ज्याला बॅट आठवते, तो आपला छंद स्वतःच्या हाताने बुडवतो.