गोल्डफिश जेवत नसेल तर आधी पाणी पाहा

भूमसारख्या गावात जनावरांच्या डॉक्टरकडे म्हैस येते, शेळी येते, बैल येतो. खव्याच्या धंद्यामुळे म्हशी जरा जास्तच. पण अलीकडे पिशवीत मासा घालून येणारेही निघाले आहेत. बरोबर डोळे पुसणारे एखादे पोर असते आणि तक्रार ठरलेली असते : "डॉक्टर, तीन दिवस झाले, मासा काही खातच नाही." म्हणून यावेळचे सदर माशांसाठी. वाचकांनी हसू नये. यात माणसांच्या आरोग्याचाही भाग आहे.

माझे मत स्पष्ट आहे. नव्याने आणलेला गोल्डफिश खात नाही तेव्हा बहुधा अन्नाचा प्रश्न नसतोच, पाण्याचा असतो. असे मासे उपाशी राहून मरत नाहीत. आपण काळजीपोटी घातलेल्या अन्नाने मरतात.

हा मासा मूळचा चीनचा. रोहू, कटला यांच्याच कुळातला. त्याला आपल्यासारखे जठर नसते; खाल्लेले सरळ आतड्यात जाते. म्हणून तो दिवसभर थोडे थोडे टिपत राहतो. धडधाकट गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहिला तरी मरत नाही. आता त्याचा प्रवास पाहा. पुण्याहून किंवा सोलापूरहून पिशवीत बसून, एस.टी.चे हेलकावे खात, उन्हात तापत तो इथे येतो. आल्या आल्या त्याच्यापुढे दाण्यांचा ढीग पडतो आणि चार पोरे काचेवर टिचक्या मारतात. अशा वेळी कोण जेवेल? पहिला दिवस त्याला काहीच देऊ नये. दुसऱ्या दिवशी चिमूटभर देऊन पाहावे. दोन-तीन दिवस त्याने तोंड फिरवले तरी घाबरण्याचे कारण नाही.

आणल्यावर पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे टाकीतल्या पाण्यावर तरंगत ठेवावी. मग टाकीतले पाणी वाटी-वाटीने पिशवीत मिसळावे आणि शेवटी फक्त मासा टाकीत सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

आता आपल्या पाण्याविषयी. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात टी.सी.एल. पावडर असते. ती आपल्यासाठी हवीच, पण तिच्यातला क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो. असे पाणी उघड्या बादलीत निदान चोवीस तास ठेवावे, नाहीतर माशांच्या दुकानात क्लोरीन घालवणारे औषध मिळते ते वापरावे. बोअरचे पाणी जड असते. गोल्डफिशला ते चालते, पण जमिनीतून नुकत्याच उपसलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेही बादलीत ओता-ओत करून मगच घालावे. उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. मासा वर येऊन तोंडाने हवा ओढू लागला की तो भुकेला आहे असे समजून लोक आणखी दाणे टाकतात. खरे तर त्याचा जीव गुदमरत असतो.

सगळ्यात मोठा शत्रू दिसत नाही, तो म्हणजे अमोनिया. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, कुजणाऱ्या अन्नातून तो पाण्यात उतरतो. जुन्या टाकीत फिल्टरवर, गोट्यांवर जिवाणू वाढलेले असतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे बरेच निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे टाकी आणि मासे एकाच दिवशी आणले तर पहिला महिनाभर मासा स्वतःच्याच विषात राहतो. विष चढले की पहिली जाते ती भूक. आपण दाणे टाकतो, ते कुजतात, अमोनिया आणखी वाढतो. काचेच्या गोल भांड्यात हे दोन दिवसांत होते. ती भांडी दिवाणखान्यात शोभतात, पण माझ्या मते ती विकूच नयेत.

यावर उपाय स्वस्त आहे. दोन माशांना निदान साठ-सत्तर लिटरची टाकी, एक साधा फिल्टर आणि सुरुवातीचे दिवस रोज थोडे पाणी बदलणे. पुढे आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलले तरी चालते. म्हणजे बारा-चौदा लिटर. जिथे हंड्याहंड्याचा हिशेब होतो तिथे हे जड वाटेल, पण ते पाणी वाया जात नाही. तुळशीला, जास्वंदीला घाला, खताचे काम करते. तेवढेही पाणी घरात निघत नसेल तर मासे आणू नयेत.

पाणी नीट असूनही मासा दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो, अशी दुसरी तक्रार असते. ती त्याची रीतच आहे. तो तोंडात घेऊन निवडतो, नको ते बाहेर टाकतो, आणि चावण्याचे दात त्याला घशात असतात. दाणे मोठे, कडक असतील तर पाण्यात भिजवून, चुरून द्यावेत. उकडलेला मटार साल काढून कुस्करून दिला तर चांगला. पाव, बिस्कीट, मुरमुरे आणि खवा, हो, खवासुद्धा टाकणारे लोक आहेत, हे पूर्ण बंद. दोन मिनिटांत संपेल तेवढेच घालावे, उरलेले जाळीने काढावे. फुगऱ्या डोळ्यांच्या किंवा डोक्यावर मांसाची टोपी वाढलेल्या जातींना नीट दिसत नाही, आणि चपळ मासे त्यांच्या वाट्याचे पळवतात. त्यांना वेगळे ठेवून अगदी तोंडाशी अन्न द्यावे. तोंड सतत उघडेच राहत असेल तर घशात वाळूचा खडा अडकला आहे का तेही पाहावे.

औषधांबाबत मात्र मी कडक बोलणार आहे. घरात उरलेली टेट्रासायक्लीनची कॅप्सूल टाकीत फोडण्याची रीत पडली आहे. आपल्या जड पाण्यातल्या कॅल्शियमशी हे औषध बांधले जाते आणि माशाला फारसे लागू पडत नाही. उलट टाकीतले उपयोगी जिवाणू दुबळे होऊ शकतात, आणि औषधाला दाद न देणारे जंतू वाढायला वाव मिळतो. आठवडा उलटूनही मासा खात नसेल, अंगावर पांढरे ठिपके, लाल चट्टे किंवा चिकटलेल्या उवा दिसत असतील, तर जाणकाराला दाखवावे. शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, विचारायचेच तर अशा ठिकाणी विचारावे.

आता माणसांचे. माशांच्या पाण्यात क्षयाच्या जंतूच्या नात्यातला एक जंतू असू शकतो. हाताला जखम असताना टाकीत हात घातला तर काही आठवड्यांनी बोटांवर, मनगटावर न दुखणाऱ्या गाठी येतात आणि महिनोन् महिने जात नाहीत. अशा गाठी दिसल्या तर डॉक्टरांना घरात माशांची टाकी आहे हे आवर्जून सांगावे. नळीने पाणी काढताना ती तोंडाने ओढू नये, आणि टाकीला हात लावल्यावर पोरांचे हात साबणाने धुवावेत.