श्वासाची नळी, संकेतांकाची नोंद आणि आपली जबाबदारी

पोप जॉन पॉल दुसरे ह्यांच्यावर २४ फेब्रुवारी २००५ रोजी रोमच्या जेमेली रुग्णालयात ट्रॅकिऑस्टॉमीची शस्त्रक्रिया झाली. २७ मार्चच्या पुनरुत्थान रविवारी ते खिडकीत आले. त्यांनी बोलण्याचा प्रयत्न केला, परंतु शब्द उमटला नाही. अखेर हाताने क्रुसाची खूण करून त्यांनी भाविकांना मूक आशीर्वाद दिला. २ एप्रिल रोजी ते देवाघरी गेले. अशा मूक रुग्णांची आज समाजात कोणती व्यवस्था आहे, ह्याचा विचार होणे अगत्याचे आहे.

ट्रॅकिऑस्टॉमी म्हणजे गळ्याच्या पुढील भागातून श्वासनलिकेला छिद्र पाडून तेथे नळी बसविणे. दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेले, मेंदूला इजा झालेले वा घशाचा कर्करोग असलेले रुग्ण ह्या नळीवर जगतात. नाकावाटे न जाणारी हवा ओलसर व उबदार होत नाही. त्यामुळे कफ घट्ट होतो, तो सक्शन यंत्राने वेळोवेळी काढावा लागतो. नळी तुंबली तर काही मिनिटांत प्राणावर बेतते.

आता संकेतांकांकडे वळू. प्रत्येक आजाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात क्रमांक असतो. ह्या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-१०, १९९० साली मंजूर झाली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. आयसीडी-१० मध्ये 'गळ्याला छिद्र आहे' ही स्थिती झेड ९३.० ने, छिद्राच्या देखभालीसाठी झालेली भेट झेड ४३.० ने, तर छिद्रातील बिघाड जे ९५.० ने दर्शवितात. अमेरिकन रुग्णालयांसाठी हे काम करणारे अनेक तरुण आपल्या देशात आहेत. त्यांच्यासाठी हे केवळ अंक असतील. परंतु त्या अंकांवर पैसा आणि धोरण दोन्ही ठरतात.

नळी तुंबल्यामुळे रुग्ण पुन्हा दाखल झाला आणि कागदावर केवळ 'दम लागणे' एवढेच नोंदले गेले, तर घरच्या देखभालीतील उणीव कोणाच्याच ध्यानात येत नाही. जे नोंदले जात नाही, त्यासाठी तरतूदही होत नाही. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत ९६ तासांहून अधिक काळ व्हेंटिलेटरवर राहून ट्रॅकिऑस्टॉमी झालेल्या रुग्णांसाठी मोठ्या मोबदल्याचे स्वतंत्र गट आहेत. हा मोबदला रुग्णालयातील उपचारांचा; घरी जाऊन रात्र जागविणाऱ्या पत्नीचा त्यात हिशेब नाही.

आपल्याकडेही चित्र फारसे निराळे नाही. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. मात्र ते रुग्णालयात दाखल होण्याशी जोडलेले आहे आणि घरी गेल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपुरता धरला जातो. नळी मात्र कित्येकदा वर्षानुवर्षे राहते. सक्शन यंत्र, नळ्या, वीज गेल्यास पर्यायी सोय हा सारा भार कुटुंबाच्या शिरावर येतो.

येथेच धर्मग्रामाचे कार्य सुरू होते. घरी सोडण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावर नळीचा प्रकार व माप लिहून घ्यावे, निदान दोघा नातलगांनी सिस्टरांकडून सक्शन शिकून घ्यावे, त्याच मापाची एक आणि एक लहान मापाची अशा दोन जादा नळ्या उशाशी ठेवाव्यात, हे कुटुंबांना सांगणारे कोणी हवे. धर्मग्रामाला एखादे सक्शन यंत्र उसने देण्यासाठी ठेवता येईल. शिकून आलेल्या स्वयंसेवकाने आठवड्यातून एक रात्र जागली, तर त्या घराला झोप मिळेल. पवित्र ख्रिस्तशरीर देण्यापूर्वी रुग्णाला गिळता येते काय, हे विचारून घ्यावे. पापनिवेदन खुणांनी वा लिहूनही करता येते, ह्याची रुग्णाला जाणीव द्यावी.

३ फेब्रुवारीला संत ब्लेझ ह्यांच्या स्मृतिदिनी आपण गळ्यावर आशीर्वाद घेतो आणि ११ फेब्रुवारीला जागतिक रुग्ण दिन पाळतो. प्रभू येशूच्या दाखल्यातील दयाळू शोमरोनी केवळ जखमा बांधून थांबला नाही. उतारशाळेच्या मालकाला त्याने दोन नाणी दिली आणि पुढे अधिक खर्च झाल्यास तोही परतताना फेडण्याचे वचन दिले. रुग्णालयाचे बिल चुकते झाल्यावर उरणारा तो 'अधिक खर्च' आज आपल्यापुढे आहे. तो कोण फेडणार?