खाडीच्या पाण्याची नोंद कोण ठेवणार?

कोकणातल्या मोहल्ल्यांत मासळी कमी झाली की दोन कारणं हमखास ऐकू येतात: पर्ससीनवाले, नाहीतर अल्लाहची मर्जी. पर्ससीनचं भांडण खरं आहे, ते चालू राहावं. दुसऱ्या कारणाला माझी हरकत आहे. जमीन आणि समुद्रातल्या बिघाडाचा संबंध सूरह रूमच्या 41व्या आयतीत थेट माणसाच्या करणीशी जोडलेला आहे. मग मर्जीचा आडोसा कशाला?

करणी अशी. कोळसा-तेल जाळून आपण सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषतो. (ते तेल उपसणाऱ्या देशांत आपलेच भाऊ-चुलते नोकरीला आहेत. त्यांना दोष नाही, पण विषय परका नाही.) पाण्यात त्याचं कार्बोनिक आम्ल बनतं आणि शिंपल्यांना कवचासाठी लागणारं कार्बोनेट कमी पडतं. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे 8.2 वरून 8.1 वर आला. माझे इंजिनिअर मित्र याला राउंडिंग एरर म्हणतात! पीएचची मोजपट्टी लॉगॅरिदमिक असते, 0.1 ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे 26 टक्के वाढ.

अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावर 2007-08 च्या सुमारास कालवांच्या बीजकेंद्रात कोवळी पिल्लं प्रचंड संख्येनं मेली. पाणी मोजल्यावर कारण कळलं, मग टाकीच्या पाण्यात सोडा घालून धंदा सावरला. आपल्याकडे ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या, कालवं काढणाऱ्या बाईजवळ ना टाकी, ना मीटर. दालदी असो, भोई असो, खारवी असो, तिच्याकडे नौका नाही, म्हणून डिझेल परताव्याच्या मागणीतही ती नाही.

तिसऱ्या घटल्या त्या आम्लीकरणानंच, असं मी म्हणत नाही. सांडपाणी आहे, वाळूउपसा आहे, पावसाच्या गोड्या पाण्यानंही पीएच उतरतो. म्हणूनच वर्षानुवर्षांची नोंद हवी. ती नसेल तर उद्या भरपाई मागताना प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल आणि बाई रिकाम्या हातानं परतेल. स्वस्त पीएच पेननं हे काम होत नाही. त्याची चूकच 0.1 च्या आसपास असते. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. त्यांच्याकडे आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडे प्रत्येक खाडीची दरमहा जाहीर नोंद लेखी मागा. जमातीच्या बैठकीत मशिदीच्या एसीचे ठराव होतात, तिथे हाही एक मांडा. आणि त्या बैठकीला तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना बोलवा.